बीटी सरकी खाणाऱ्या म्हशीचं दूध बाळाला द्यावं का?

वाचकाचं पत्र

डॉक्टर ताई, नमस्कार. आम्ही जोगेश्वरीला राहतो. माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे. गोरेगावच्या एका तबेल्यातलं म्हशीचं दूध आमच्या घरी माझ्या लग्नाच्याही आधीपासून येतं. मागच्या महिन्यात माझा आतेभाऊ अकोल्याहून आला होता. तो बोलता बोलता म्हणाला की आता आमच्याकडची सगळी सरकी बीटीची, आणि तीच ढेप मुंबईच्या तबेल्यांत जाते. दोन दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: बीटी खुराक खाल्लेल्या जनावराच्या दुधातून ते जनुक लहान मुलांच्या रक्तात जातं आणि तिथे कायमचं बसतं. खाली ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ असंही होतं. सासूबाईंनी त्या दिवसापासून बाळाचं दूध बंद केलं. आता सकाळी नाचणीची पेज, संध्याकाळी डाळीचं पाणी. मी गुपचूप ‘जीएमओमुक्त’ लिहिलेलं दूध ऑनलाइन मागवते, ते दुपटीहून महाग पडतं. मिस्टर म्हणतात, हे सगळं थोतांड आहे, असलं काही होतच नाही. रोज माय-लेकाचा वाद. खरं काय आहे? ते जनुक दुधात येतं की नाही? आणि अंड्यांचं, चिकनचं काय?

– एक आई, जोगेश्वरी (पूर्व)

उत्तर

तुमचं पत्र वाचताना जनुकाच्या आधी माझ्या डोळ्यांसमोर बाळ आलं. म्हणून उत्तर आधी देते. उद्या सकाळपासून त्याचं नेहमीचं दूध सुरू करा. तबेल्याचंच, नीट उकळून. सरकी बीटीची आहे म्हणून ते थांबवायचं कारण नाही, आणि त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचंही कारण नाही.

आता कारणं. ‘काही होत नाही, द्या’ एवढंच लिहून थांबले तर तुमच्या सासूबाईंचं समाधान होणार नाही, आणि का व्हावं? जनावर जे खातं ते दुधात उतरतं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं असेल. हिरवा चारा खाल्लेल्या गाईचं तूप पिवळं होतं, जनावराने रानलसूण खाल्ली तर दुधाला वास येतो. मग खुराकातलं जनुक का नाही उतरणार? हा प्रश्न शहाण्या माणसाचा आहे. पशुपोषण शिकवताना विद्यार्थ्यांनी मला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे, आणि त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. तुमच्या मिस्टरांचं ‘असलं काही होतच नाही’ हेही अर्धवट आहे आणि मेसेजमधलं ‘कायमचं बसतं’ हेही चूक आहे.

तुमच्या आतेभावाने सांगितलं ते मात्र खरं आहे. आपल्या देशात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि आज देशातल्या ९० टक्क्यांहून जास्त कापूस क्षेत्रावर बीटी वाणच आहेत. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा मातीतला एक जिवाणू बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार करतो. त्या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं, म्हणून ती ‘बीटी’. बोंडातला कापूस जिनिंगमध्ये वेगळा झाला की उरते ती सरकी. सरकीचं तेल निघतं आणि मागे राहते ती पेंड, विदर्भातली ढेप. तुमच्या तबेल्यातल्या म्हशीपुढे धार काढायच्या वेळी जे आंबोण ठेवतात, त्यात चुनी, भुसा आणि ही पेंड असतेच असते. म्हणजे आपल्या राज्यातली दुभती जनावरं गेली वीस वर्षं हेच खात आली आहेत. ‘इतकी वर्षं खातात, काय झालं?’ असा युक्तिवाद मी करणार नाही, तो पुरावा होत नाही. पण आपण नवीन कशाला सामोरे जात नाही आहोत, एवढं मनाशी असू द्या.

मुळात डीएनए ही वस्तू काय, ते नीट समजून घेऊ. डीएनए म्हणजे चार रासायनिक ‘अक्षरां’ची लांबच लांब माळ, आणि जनुक म्हणजे त्या माळेतला एक अर्थपूर्ण भाग. मेसेज वाचणाऱ्याला वाटतं की साध्या सरकीत जनुकं नव्हतीच, ती बीटीने आणली. कपाशीच्या प्रत्येक पेशीत दोनशे कोटींहून जास्त अक्षरांचा डीएनए असतो. त्यात बीटीसाठी घातलेला मजकूर काही हजार अक्षरांचा. भाकरीत ज्वारीचा डीएनए असतो, पालकात पालकाचा, सुरमईत सुरमईचा. तुम्ही-आम्ही रोज साधारण एक दशांश ग्रॅम ते एक ग्रॅम डीएनए खातो. गाईचं तर विचारूच नका. युरोपातल्या अभ्यासकांनी हिशोब मांडला होता: ६०० किलोची दुभती गाय, खुराकाचा ६० टक्के भाग बदललेल्या, म्हणजे बाहेरून जनुक घातलेल्या, मक्याचा. अशी गाय दिवसाला सुमारे ५७ ग्रॅम डीएनए खाते, आणि त्यात घातलेल्या जनुकाचा भाग साधारण ५४ मायक्रोग्रॅम, म्हणजे दर दहा लाख भागांत एक भागही नाही. सरकीचा आकडा थोडा वेगळा येईल, प्रमाण याच जातीचं राहील.

शिवाय पेंड होते तेव्हाच त्या डीएनएची निम्मी वाताहत झालेली असते. तेल काढताना उष्णता आणि दाब दोन्ही असतात, आणि ९५ अंशांच्या पुढच्या उष्णतेत डीएनएचे धागे काही मिनिटांत तुटतात. गव्हाणीत पडते ती पेंड तुकड्यांनीच भरलेली.

मग ते पोटात जातं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या सगळ्या कामाचा जीव या पोटात आहे.

म्हैस चारा गिळते तो आधी पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जातो. शंभर लिटरहून मोठी ती पिंपासारखी जागा असते, आणि त्यात अब्जावधी जिवाणू, एकपेशीय जीव आणि बुरश्या राहतात. म्हैस रवंथ करते ती खरं तर त्यांच्यासाठी चारा दळून देते. हे सूक्ष्मजीव चारा आंबवतात, वाढतात, आणि पुढच्या कप्प्यांत ढकलले जाऊन स्वतःच म्हशीचं अन्न बनतात. म्हैस गवतावर जगते असं आपण म्हणतो, पण प्रथिनांसाठी ती मोठ्या प्रमाणात या जिवाणूंवर जगते. आणि जिवाणू म्हणजे डीएनए आणि आरएनए (डीएनएचाच भाऊबंद रेणू) यांनी ठासून भरलेली पिशवी. त्यांच्यातल्या नायट्रोजनचा सुमारे पाचवा हिस्सा याच रूपात असतो. तो वाया घालवणं रवंथ करणाऱ्या प्राण्याला परवडत नाही. म्हणून त्यांच्या स्वादुपिंडात डीएनए आणि आरएनए तोडणारी विकरं (एन्झाइम्स) भरपूर असतात. प्रयोगशाळेत आम्हाला नको असलेला डीएनए साफ करायचा असला की जे विकर वापरतो, ते वर्षानुवर्षं गाईच्या स्वादुपिंडातूनच काढलं गेलं आहे. डीएनए पचवण्यात हे प्राणी इतके तरबेज आहेत की त्यातून उरलेलं अ‍ॅलंटॉइन नावाचं द्रव्य जनावराच्या लघवीत मोजून आम्ही पशुपोषणवाले पोटात किती सूक्ष्मजीव पचले याचा अंदाज बांधतो.

म्हणजे सरकीतल्या डीएनएवर पहिल्या कप्प्यातले जिवाणू तुटून पडतात, चौथ्या कप्प्यातलं आम्ल त्याला आणखी खिळखिळं करतं आणि आतड्यात स्वादुपिंडाची विकरं उरलंसुरलं तोडतात. ‘हे बीटीचं, हे कपाशीचं’ असा भेद यातलं कोणीच करत नाही. चार अक्षरांच्या त्याच माळा सगळीकडे, कात्रीही तीच.

तरीही सगळंच तुटतं का? नाही. तुमच्या मिस्टरांनी ऐकायचा भाग हा आहे.

१९९८ च्या सुमारास जर्मन संशोधकांना गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत वनस्पतींच्या डीएनएचे छोटे तुकडे सापडले. पुढे कोंबडीच्या स्नायूंत, यकृतात, प्लीहेतही सापडले. हे तुकडे बहुतेक वेळा हरितलवकांचे, म्हणजे पानाला हिरवं करणाऱ्या कणांचे होते. कारण सोपं आहे: पानाच्या एका पेशीत हरितलवकाच्या डीएनएच्या हजारो प्रती असतात आणि बाहेरून घातलेल्या जनुकाच्या एखाद-दोन. रस्त्यावर हजार पत्रकं फाडून उडवली तर चार कपटे तुमच्या गॅलरीत येतील; एकच फाडलं तर बहुधा एकही येणार नाही. ब्रिटनमध्ये दुभत्या गाईंना बदललेला मका आणि सोया घालून केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या कप्प्यातल्या चोथ्यात बदललेल्या जनुकाचे तुकडे दिसले. रक्तात आणि दुधात ते दिसले नाहीत, हरितलवकांचे मात्र दिसले.

म्युनिकजवळ याहून मोठा प्रयोग झाला. ३६ दुभत्या गाई, त्यातल्या निम्म्या बीटी मक्यावर, सलग २५ महिने. त्यांच्या दुधात बीटीचं जनुकही मिळालं नाही आणि बीटीचं प्रथिनही नाही. आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी देण्याआधी हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत गाईंना, उत्तराखंडातल्या पंतनगरला म्हशींना, आणि तुमच्यापासून फार लांब नसलेल्या वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत माशांना बीटी सरकीचा खुराक घालून पाहिला होता. कर्नालला नंतरही अभ्यास झाले, आणि गाईंच्या दुधात बीटी प्रथिन आढळलं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००७ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र तपासले आणि सांगितलं की बदललेल्या पिकांचा डीएनए किंवा प्रथिनं जनावरांच्या मांसात, दुधात, अंड्यांत आढळलेली नाहीत.

उलट बाजूचे अभ्यासही आहेत. ते लपवले तर मग त्या मेसेजात आणि माझ्यात फरक काय राहिला? इटलीत २००५ साली डुकराच्या पिलांना बीटी मका घातला, तेव्हा त्यांच्या रक्तात, यकृतात, प्लीहेत आणि मूत्रपिंडात बीटी जनुकाचा एक तुकडा सापडला. अख्खं जनुक, किंवा काम करू शकेल इतका भाग, एकाही पिलात सापडला नाही. २०१० साली इटलीतच बदललेला सोया खाणाऱ्या शेळ्यांच्या दुधात तशा जनुकाचे तुकडे सापडल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे दोन्ही अभ्यास मी मोडीत काढत नाही. पीसीआर ही डीएनएचे तुकडे शोधण्याची पद्धत आता इतकी बारीक झाली आहे की मोजक्या रेणूंचाही माग लागतो. म्हणूनच तपासणी करताना फार जपावं लागतं. धार काढणाऱ्याच्या हाताला पेंडीचं पीठ असेल, कासेला शेणाचा शिंतोडा असेल, तर नमुन्यात खुराकाचा डीएनए बाहेरूनच येतो आणि तो म्हशीच्या रक्तातून आला असं वाटू शकतं. तबेल्यात पहाटे उभं राहून धार काढताना ज्याने पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

तर ‘दुधात कधी तुकडा येऊ शकतो का?’ याला माझं उत्तर आहे: हो, क्वचित, अत्यल्प, आणि तो बीटीचा असण्यापेक्षा साध्या गवताचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

आता तुमच्या सासूबाईंची खरी भीती. तुकडा आला तर तो बाळाच्या अंगात जाऊन काही करेल का?

चौपाटीवर भेळ घेतली की कागदाच्या पुडीवर बातमीचा तुकडा असतो. ‘...मंत्र्यांनी आज...’ एवढंच वाचता येतं. तेवढ्या कपट्यावरून ते वर्तमानपत्र पुन्हा छापता येणार नाही, आणि त्यासाठी लागणारा छापखाना तर त्या कागदात कधी नव्हताच. बीटीचं जनुक सुमारे ३५०० अक्षरांचं आहे. ते कामाला लागायचं तर ते अख्खं हवं, त्याच्या पुढे ‘इथून वाचा’ सांगणारा भाग हवा, मागे ‘इथे थांबा’ सांगणारा हवा, मग ते पेशीच्या केंद्रकात शिरायला हवं आणि तिथल्या डीएनएत योग्य जागी जोडलं जायला हवं. प्रयोगशाळेत आम्ही मुद्दाम, सगळी साधनं हाताशी घेऊन हे करायला बसतो तरी बहुतेक पेशींत ते होत नाही. दुधात सापडतात ते तुकडे साधारण शे-दोनशे अक्षरांचे. आणि ते दूध बाळाच्या पोटात गेल्यावर तिथलं आम्ल आणि तिथली विकरं त्याची पुन्हा तीच गत करतात. उरलेले सुटे कण शरीर स्वतःच्या कामाला वापरतं किंवा टाकून देतं.

मेसेजमधलं ‘सिद्ध केलं’ कुठून येतं याचा माग काढला की अनेकदा एका जुन्या, चांगल्या प्रयोगापाशी पोचायला होतं. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या कोलोन इथे उंदरांना विषाणूचा डीएनए खाऊ घातला आणि त्याचे तुकडे काही काळ त्यांच्या रक्ताच्या पेशींत दिसले. पण तो विषाणू जिवाणूंवर वाढणारा, निसर्गातला होता. बदललेल्या पिकाचा तिथे संबंधच नव्हता. त्या प्रयोगाने जे दाखवलं ते सगळ्या अन्नाला लागू आहे. माणूस शेती करायला लागला त्याच्याही आधीपासून आपल्या रक्तातून असे कपटे फिरत आले आहेत, आणि म्हणून पालक खाणारं कोणी हिरवं झालेलं नाही.

बीटी प्रथिनाविषयीही दोन ओळी. ते बोंडअळीला मारतं ते अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात आणि तिथल्या ठरावीक जागांना चिकटून. म्हशीच्या आणि माणसाच्या जठरात आम्ल असतं, आणि आतड्यात त्या जागाच नसतात. इतर प्रथिनांसारखं तेही पचतं. अख्खी प्रथिनं आतड्यातून थेट रक्तात जाण्याचा काळ वासराच्या आयुष्यात एकदाच येतो: जन्मल्यानंतरचा पहिला दिवस. आईच्या चिकातले रोगप्रतिकारक रेणू तेव्हा त्याच्या आतड्याच्या भिंतीतून जसेच्या तसे आत जातात, आणि दिवसभरात ते दार बंद होतं. सासूबाई खरवस करत असतील तर त्यांना हे सांगा. म्हणूनच पहिला चीक आधी वासराला, मग आपल्याला.

तुमच्या ऑनलाइन दुधाबद्दल. दूध तपासून ते कोणती सरकी खाल्लेल्या जनावराचं आहे हे सांगता येत नाही. तसा दावा टिकतो तो फक्त जनावरांना काय घातलं याच्या नोंदींवर. युरोपात बदललेल्या पिकांबद्दलचे नियम फार कडक आहेत, पण असा चारा खाल्लेल्या जनावराच्या दुधावर, मांसावर किंवा अंड्यांवर तसं छापायचं बंधन तिथेही नाही, कारण त्या दुधात वेगळं दाखवण्यासारखं काही सापडत नाही. ते दूध वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण जादा पैसे ज्या भीतीपोटी जातात ती भीतीच खरी नसेल, तर त्या पैशांची बाळाला अंडी, फळं आणि शेंगदाणे आणा. (शेंगदाणे कुटून. अख्खा दाणा या वयात घशात अडकतो.)

अंडी आणि चिकन यांचंही उत्तर तेच. कोंबडीच्या खाद्यात मका आणि सोयाची पेंड असते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाचे भाव भडकले होते तेव्हा केंद्राने १२ लाख टन बदललेल्या सोयाची पेंड आयात करायला परवानगी दिली, म्हणजे तेव्हापासून तरी तुमच्या-माझ्या अंड्यांमागे तो सोया असू शकतो. कोंबडीच्या स्नायूंत जे तुकडे सापडले ते साध्या वनस्पतींचे, आणि चिकन आपण शिजवून खातो. अंडं नीट उकडून बाळाला द्या.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते त्याबद्दल. तुमच्या घरात त्याची चर्चाच झालेली नाही.

जनुक हा प्रचंड मोठा रेणू असतो, तो तुटतो, पचतो. पण खुराकातून दुधात सहज उतरणारे छोटे रेणूही असतात, आणि त्यातला सगळ्यात वाईट म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ओल्या जागी ठेवलेल्या पेंडीवर, मक्यावर, शेंगदाण्यावर बुरशी येते आणि ती हे विष तयार करते. बीटी जनुकापेक्षा तो रेणू हजारो पटींनी लहान. जनावराने तो खाल्ला की यकृतात त्याचं रूप थोडं बदलतं आणि खाल्लेल्यापैकी एक-दोन टक्के, जास्त दूध देणाऱ्या जनावरात त्याहूनही जास्त, दिवसभरात दुधात येतो. हे विष यकृताला घातक आहे, आणि दूध उकळून ते जात नाही. एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१९ मध्ये देशभरातल्या दुधाच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त होतं, आणि पिशवीच्या दुधात हा दोष सुट्या दुधापेक्षा जास्त दिसला. आपल्याकडची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. युरोपात ती याच्या दहावा भाग आहे.

मी एकदा जुलैत उपनगरातल्या एका तबेल्यात गेले होते. पेंडीची पोती भिंतीला टेकवून ओल्या फरशीवर रचलेली, खालच्या दोन पोत्यांवर हिरवट बुरशी, आणि गडी वरचं झटकून तीच घमेल्यात घालत होता. त्या दिवशी मालकाशी बोलताना माझा आवाज चढला. त्याला बीटीबद्दल सगळं ठाऊक होतं, बुरशीबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवायची आणि वास आलेली पेंड फेकून द्यायची, एवढ्याने पुष्कळ काम होतं. खुराक बदलला की दोन-चार दिवसांत दुधातलं विष ओसरतं.

म्हणून तुमच्या तबेलेवाल्याला ‘सरकी बीटीची आहे का?’ विचारू नका. उत्तर आपल्याला माहीत आहे. ‘पेंड कुठे ठेवता, पावसाळ्यात कशी ठेवता, मी एकदा येऊन बघू का?’ असं विचारा. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक आहात, तो नाही म्हणणार नाही. शक्य असेल तर सासूबाईंना बरोबर न्या. पेंडीचा वास त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा आधी कळेल.

सासूबाई बीटीवर चिडल्या असतील तर त्यालाही जागा आहे. मलाही त्या तंत्रज्ञानाबद्दल राग आहे, आणि तो तुमच्या आतेभावाकडच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला जे आलं त्यामुळे आहे. गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणं सोडलं, शेतकऱ्याचा फवारणीचा खर्च पुन्हा वाढला, आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. त्यावर बोलायलाच हवं, मोठ्याने बोलायला हवं. पण तो जाब बियाणं विकणाऱ्यांना आणि सरकारला विचारायचा आहे. बाळाच्या वाटीतलं दूध काढून घेतल्याने वऱ्हाडातल्या कोणाचंही भलं होत नाही.

तुमच्या मिस्टरांना सांगा की आईला ‘थोतांड’ म्हणू नका. तुकडे सापडतात हे खरं आहे, आणि त्यांनी ते आधी मान्य केलं तर पुढचं बोलणं सोपं जाईल. ‘आई, तू म्हणतेस तसे अंश येऊ शकतात, गवताचेही येतात, पण ते कामाला लागत नाहीत’ असं शांतपणे म्हणून बघू द्या.

दूध किती द्यायचं तेही लिहिते, कारण सुरू केलं की घरात उत्साहाने पेल्यांवर पेले दिले जातात. या वयात दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे. त्याहून जास्त झालं तर बाळ जेवत नाही आणि अंगात लोह कमी पडतं. तबेल्याचं दूध न उकळता कधीच देऊ नका. क्षयाचे आणि ब्रुसेलाचे जंतू कच्च्या दुधातून येतात आणि उकळल्यावर मरतात. गेल्या महिन्यात त्याचं वजन घटलं असेल किंवा वाढलं नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा.

आणि सासूबाईंची नाचणीची पेज बंद करू नका. तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं, आता ती दुधात शिजवून जरा दाट करा. डाळीचं फक्त पाणी न देता डाळ घोटून, वर चमचाभर तूप घालून द्या.